आरशातली उत्तर भिंत

त्या चर्चची उत्तरेकडची भिंत मी तेव्हा काढलीच नाही. दक्षिणेकडची काढली आणि तीच उलटी करून उत्तरेला लावली. हे मी आजवर एकीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ऑफिसात सगळ्यांची समजूत अशी की उत्तर भिंतीवरची भेग एका मुलीने निष्काळजीपणाने पुसून टाकली. पुसली तिने, हे खरं. पण माझ्या सांगण्यावरून, आणि आधी मला विचारून. त्यात तिची नोकरी गेली आणि या शहरात तिचं नाव जे खराब झालं ते अजून तसंच आहे.

सुरुवातीपासून सांगतो. मला फार बोलायची सवय नाही, तेव्हा कुठे थोडं मागेपुढे होईल.

आमचं ऑफिस पाथर्डी फाट्याच्या बाजूला, टाइल्सच्या दुकानाच्या वर आहे. खाली दिवसभर फरशी कापायचं मशीन चालतं आणि वर आमची टेबलं बारीक थरथरतात. नव्या माणसाला त्याचा त्रास होतो. आम्हाला ते बंद पडलं की चुकल्यासारखं होतं. काम असं की परदेशातून जुन्या नकाशांचे स्कॅन येतात. कुणीतरी कधीकाळी कागदावर हाताने काढलेलं ते सगळं आम्ही कॉम्प्युटरवर रेघेने रेघ पुन्हा काढून पाठवायचं. गोदामं, पूल, शाळा, जे येईल ते. मी आयटीआयचा ड्राफ्ट्समन. उमेदीची वर्षं ट्रेसिंगच्या कागदावर शाईने कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली, मग कॉम्प्युटर आला तेव्हा तोही शिकलो. वयाने सगळ्यांत मोठा म्हणून इतरांचं काम तपासायचं माझ्याकडे. सगळे मला काका म्हणतात, मॅनेजरसुद्धा. एकटी ती मुलगी सर म्हणायची.

ती जुन्या नाशकातली. वडील गाद्या भरतात. डिप्लोमा करून आमच्याकडे आली तेव्हा तिला रेघांची जाडी कशी ठरवायची, जवळचं ठळक आणि लांबचं फिकट कसं ठेवायचं, हे मीच शिकवलं. म्हणून सर. तिचं इंग्रजी चांगलं होतं, माझं कच्चं. नकाशात काही शंका आली की परदेशातल्या लोकांना इंग्रजीत विचारणा पाठवावी लागायची. नियमाप्रमाणे ती तपासणाऱ्याने म्हणजे मी पाठवायची. मी मराठीत बोलायचो, ती टाइप करायची, खाली माझं नाव. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. निदान मला तरी बराच काळ वाटलं नव्हतं.

मग तो घुमटांचा सेट आला. परदेशातल्या एका संग्रहालयाच्या कपाटात पडून असलेले शेकडो नकाशे, सगळे बायझंटाइन चर्चचे. मॅनेजरने पहिल्या दिवशी आम्हाला गोळा करून सांगितलं की जुन्या रोमन राज्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग, राजधानी म्हणजे आजचं इस्तंबूल, त्या लोकांनी विटांचे घुमट बांधून देवळं उभी केली, ती ही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कुणी मोजणीदार खेचरांवरून डोंगरात फिरले आणि एकेक चर्च मोजून कागदावर उतरवून गेले. त्यातली कितीतरी नंतर पडली, काही धरणाखाली गेली. आता जे उरलं आहे ते याच कागदांवर.

इगतपुरीहून रोज ये-जा करणारा आमचा एक सहकारी आहे. तो स्क्रीनवर वाकून म्हणाला, "विटांचा घुमट? आमच्याकडच्या पावसात चार महिने नसता टिकला."

"मशीद आहे का दर्गा आहे हा?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "मोतीचुराचा लाडू पण गोलच असतो. त्याला विचारा तो कोण आहे."

हसलो आम्ही. पुढे काही महिने त्या सेटला ऑफिसात लाडूच म्हणायचे. "आज किती लाडू वळले?" "दीडच. दुसरा फुटला."

ते नकाशे फार सुंदर होते. मी खूप हात पाहिलेत, सरकारी, खाजगी, पण असा हात पाहिला नव्हता. बहुतेक कागद एकाच मोजणीदाराचे होते. वीट न् वीट मोजलेली. इमारत किती उंच आहे ते कळावं म्हणून नकाशात एक छोटा माणूस काढायची पद्धत असते. याचा माणूस टोपी घातलेला, हातात काठी, आणि कायम घुमटाच्या बरोबर खाली, मान वर करून बघत उभा. प्रत्येक चर्चमध्ये तो भेटायचा. मला त्याची सवय झाली. नवीन कागद उघडला की आधी मी त्याला शोधायचो.

आमच्या कामाच्या दोन रीती होत्या, त्या सांगायला हव्यात. पहिली म्हणजे कागदाचं आहे ते कागदाचं, इमारतीचं आहे ते इमारतीचं. घड्या, डाग, कसरीने खाल्लेली भोकं, चिकटवलेले तुकडे हे काढायचं नाही. इमारतीची रेघ तेवढी घ्यायची. दुसरी रीत वेळ वाचवायची. देऊळ असो की चर्च, मधोमध रेघ मारली तर दोन्ही बाजू सारख्या. म्हणून एक बाजू मन लावून काढायची आणि मिरर मारायचा, म्हणजे कॉम्प्युटर तीच बाजू आरशात धरल्यासारखी पलीकडे उमटवतो. अर्ध्या कष्टात पूर्ण इमारत. मॅनेजरला हे माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. त्या मोजणीदाराने दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या होत्या, हे आमच्या लक्षात आलं होतं. आम्हाला तो त्याचा भाबडेपणा वाटायचा.

आता माझ्या वडलांबद्दल थोडं. ते एकलहऱ्याला वीज केंद्रात गवंडी होते. आम्ही तिथल्याच वसाहतीत वाढलो. काळ्या मातीवर बांधलेली भिंत उन्हाळ्यात थोडी हलतेच, तसं तिथेही कुठेकुठे भेगा पडायच्या. वडील अशा भेगेवर काचेची अरुंद पट्टी आडवी धरायचे आणि दोन्ही टोकांना सिमेंटचा एकेक गोळा लावून ती बसवायचे. मग जाता-येता तिच्याकडे बघायचे. भेग जुनी, झोपलेली असेल तर काच वर्षानुवर्षं तशीच राहते. भेग जागी असेल तर काच तडकते. मी लहान होतो तेव्हा मला ती पट्टी म्हणजे भिंतीला लावलेली मलमपट्टी वाटायची. एकदा तसं म्हणालो तर ते म्हणाले, "मलम नाय ते. भेग बघून काय बी कळत नाय पोरा, काच बघायची. आन् काच तडकली ना, मंग त्या भिंतीखाली झोपायचं नाय."

हे सांगतोय ते एवढ्यासाठी, की त्या चर्चचा कागद मी उघडला तेव्हा मला काय दिसतंय ते मला कळलं. ऑफिसात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळलं.

छोटं चर्च होतं. डोंगरातल्या एका खेड्यातलं, अजून वापरात असलेलं. मी मधला सेक्शन उघडला, म्हणजे इमारत मधून कापल्यावर आतून जशी दिसेल तसा नकाशा. उजवीकडे दक्षिणेची भिंत, सरळ, शांत. डावीकडे उत्तरेची. ती बाहेरच्या अंगाला किंचित कलली होती, आणि कमानीच्या खांद्यापासून खाली एक रेघ उतरत होती, वर जाड, खाली केसासारखी. त्या रेघेवर थोड्या थोड्या अंतराने अरुंद चौकोन, आडवे, दोन्ही टोकांना ठिपका. सगळ्यांत वरच्या चौकोनाच्या मधून एक बारीक तिरकी रेघ.

काचेच्या पट्ट्या. आणि वरची तडकलेली.

मग मी सवयीने टोपीवाल्याला शोधलं. घुमटाखाली तो नव्हता. शोधत शोधत कागदाच्या उजव्या कडेपर्यंत गेलो. तो बाहेर उभा होता, दक्षिणेला, पार लांब, एका झाडाखाली. त्या सगळ्या सेटमध्ये ते एकच चर्च होतं ज्याच्या आत त्याने माणूस उभा केला नव्हता.

मी तो कागद बंद केला आणि चहाला खाली गेलो. फरशी कापणाऱ्याच्या अंगावर पांढरी पूड होती, डोळे तेवढे दिसत होते. तो म्हणाला, "काय काका, चेहरा का असा?" मी म्हटलं उकडतंय.

वर येऊन मी दक्षिणेची भिंत काढली. छान काढली. आणि मिरर मारला.

का, ते मी स्वतःला अनेक प्रकारे सांगितलं आहे. महिनाअखेर होती, सेट पाठवायचा होता, विचारणा पाठवली की तो कागद अडकून पडतो, वगैरे. ते सगळं खरं आहे आणि त्यातलं एकही कारण नाही. कारण फार लहान आहे, लिहायला लाज वाटते इतकं. आदल्याच आठवड्यात माझ्या एका विचारणेतली इंग्रजीची चूक तिने सगळ्यांदेखत दाखवली होती. सहज, हसत, "सर, हे असं नको" म्हणून. मॅनेजर म्हणाला, "काका, आता ती तुम्हाला चेक करते वाटतं." सगळे हसले, मीही हसलो. पण ते मला लागलं होतं. आता या पट्ट्यांबद्दल लिहायचं म्हणजे पुन्हा तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचं, काचेच्या पट्टीला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला विचारायचं. मला नको होतं ते. बस, एवढंच.

पुढचं काम, दगडांची नक्षी भरणं आणि सांधे जुळवून बघणं, तिच्याकडे जायचं. ती स्कॅन खाली ठेवून वर माझा नकाशा ठेवायची. त्यामुळे तिला दिसलंच. दुपारी ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, उत्तरेच्या भिंतीवर काहीतरी आहे. मी लाल रंगात वेगळं काढून ठेवलंय. एक लांब रेघ आणि असे छोटे छोटे चौकोन. भिंत पण आपली जुळत नाहीये, बाहेर जाते स्कॅनमध्ये."

मी बघितल्यासारखं केलं. "कागदाची घडी आहे."

"घडी अशी वर जाड खाली बारीक असते?"

"ओल लागली की होते."

"आणि चौकोन?"

"कुणीतरी फाटलेला कागद चिकटवलाय पट्ट्यांनी. डाग आहेत ते."

तिने वाकून पुन्हा स्क्रीन बघितली. "मी विचारणा लिहू का? तुम्ही नका त्रास घेऊ, मीच लिहिते आणि तुम्हाला दाखवते."

तिने ते मदत म्हणून म्हटलं होतं, आज मला ते स्वच्छ दिसतं. तेव्हा मला फक्त ऐकू आलं की तुम्हाला कुठे जमणार आहे.

"नको," मी म्हणालो. "पुस ते सगळं."

तिने पुसलं.

त्यानंतर बरेच महिने काही झालं नाही. सेट गेला, कौतुकाचा मेल आला, मॅनेजरने कचोऱ्या मागवल्या. मी मात्र रोज सकाळी मेल येण्याच्या वेळेला मॅनेजरच्या केबिनकडे बघायचो. तो फोनवर हसला की मला बरं वाटायचं. खालचं मशीन अडखळून बंद पडलं की मी हातातलं काम सोडून ऐकत बसायचो. एकदा कळलं की त्या खेड्यातल्या चर्चची दुरुस्ती निघाली आहे आणि आमचेच नकाशे तिकडे पाठवले आहेत. मॅनेजर अभिमानाने म्हणाला, "बघा, आपल्या नाशिकच्या रेघांवर तिकडे काम चाललंय." मी त्या वेळी बोलू शकलो असतो. एक फोन पुरला असता. इंग्रजीसुद्धा लागलं नसतं, मॅनेजरला मराठीत सांगायचं होतं. मी म्हटलं, वा.

मेल आला तो साध्या दिवशी, जेवणानंतर. मॅनेजरने आम्हाला आतल्या खोलीत बोलावलं. मी, ती, इगतपुरीवाला आणि आणखी दोघे. तो वाचत गेला आणि मराठीत सांगत गेला. त्या मोजणीदाराच्या नंतर कधीतरी गावकऱ्यांनी उत्तरेच्या भिंतीला आतून-बाहेरून जाड गिलावा करून चुना दिला होता, त्यामुळे भेग डोळ्यांना दिसत नव्हती. ती फक्त जुन्या कागदावर होती. दुरुस्तीवाल्यांनी स्कॅन नव्हे, आमचा स्वच्छ नकाशा बघितला. दोन्ही भिंती सारख्याच भक्कम धरल्या. उत्तरेच्या बाजूला एकही टेकू दिला नाही, उलट तिकडूनच परांची बांधून गिलावा पाडायला घेतला. भिंत ढासळली. आत एक म्हातारी बाई होती, दिवे लावायला यायची ती.

"मग?" हे तिने विचारलं. खोलीतल्या बाकी कुणी नाही.

"जिवंत आहे," मॅनेजर म्हणाला. "पण चालता येणार नाही म्हणतात आता." त्याने पुढचं वाचलं नाही, स्क्रीन वर सरकवली. मग म्हणाला, "ते म्हणतात स्कॅनमध्ये भेग स्पष्ट आहे. आपल्या फाइलमध्ये नाही. मी बघितलं. ती कुणीतरी काढली होती, वेगळ्या लाल लेअरवर, आणि मग तो लेअर उडवलाय. तुझ्या मशीनवरून."

ती माझ्याकडे वळली. घाबरून नव्हे. एखादा माणूस आपल्या वाट्याचं बोलून थांबतो आणि आता पुढचा बोलेल म्हणून त्याच्याकडे बघतो ना, तशी. तिला खात्री होती.

मॅनेजरही माझ्याकडे बघत होता. "काका? तुम्हाला माहीत होतं हे?"

खाली मशीन चालू होतं. टेबलावरच्या काचेच्या ग्लासातलं पाणी थरथरत होतं. मी त्या पाण्याकडे बघून म्हणालो, "तिने विचारायला हवं होतं."

"सर," ती म्हणाली. एवढंच. 

तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. जाताना तिने उघड्या असलेल्या सगळ्या फाइली एकेक करून सेव्ह केल्या, मशीन नीट बंद केलं. इगतपुरीवाला तिला जिन्यापर्यंत सोडायला गेला. परत येऊन म्हणाला, "रडली नाय ओ ती. रडली असती तर बरं वाटलं असतं."

नाशकात ही कामं करणारी ऑफिसं मोजकी. मॅनेजर मंडळी एकमेकांना ओळखतात, चहा एका टपरीवर पितात. आमच्या मॅनेजरने मुद्दाम काही पसरवलं असं मी म्हणणार नाही, तो तसा माणूस नाही. पण कुणी विचारलं की परदेशातलं ते काम हातचं का गेलं, तर तो सांगायचा, एका मुलीने भेग पुसली. पुढे पुढे तिला 'ती चर्चवाली' म्हणू लागले. तिने अर्ज केला की तिकडून फोन यायचा, "तुमच्याकडची ती चर्चवाली का?" एकदा तो फोन मीच घेतला होता. मी म्हटलं, मॅनेजरशी बोला.

अशी काही वर्षं गेली. अधूनमधून ती मला लांबून दिसायची. सीबीएस बसस्टँडच्या बाजूला एका झेरॉक्सच्या दुकानात ती बसते, दुकानात मोठे नकाशे छापायचा प्लॉटर आहे. दुसऱ्यांनी काढलेले नकाशे ती छापते. मी ती गल्ली टाळायला शिकलो होतो.

आणि मग गेल्या वर्षी आमच्या घराशेजारच्या रिकाम्या जागेत मोठ्या इमारतीचा पाया खणायला घेतला. आमच्या झोपायच्या खोलीत खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली. वर जाड, खाली केसासारखी. मी बघत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी जुन्या फोटोफ्रेमची काच कापून आणली आणि पट्टी बसवली, वडील बसवायचे तशी.

"हे काय नवीन?" बायको म्हणाली.

"बघायचंय हलते का."

"तुम्ही आधी हला सोफ्यावरून. मग भिंतीचं बघू."

रोज उठल्यावर मी आधी तिकडे बघायचो. पट्टी शाबूत. तरी भेगेचं खालचं टोक पुढे सरकल्यासारखं वाटायचं. पेन्सिलीने खूण करावी असं रोज मनात यायचं, पण हात धजायचा नाही. शेजारी खडक फोडायचं मशीन सुरू झालं की खिडकीची तावदानं वाजायची आणि मला ती म्हातारी बाई आठवायची. तिचा चेहरा मी कधी बघितला नाही. तरी ती काडी ओढते, दिव्यावर वाकते, तिच्या मागे चुन्याखाली भेग असते, एवढं मला दिसायचं.

मुलीचा साखरपुडा ठरला. बायकोने रंगारी बोलावला. मी संध्याकाळी घरी आलो तर खोली नव्या रंगाची, भिंत दुधासारखी सपाट.

"पट्टी कुठे गेली?"

"कुठली? ते सिमेंटचे गोळे? काढून टाकले. पाहुणे येणार आहेत घरात. रंगारी म्हणाला, पुट्टी मारली की भेग होती हे सांगून पण कुणाला पटणार नाही."

"काच तडकली होती का?"

"मी काय बघत बसू? तुकडे होते, केरात टाकले."

"काढताना तुकडे झाले की आधीच होते?"

मी केराचा डबा उघडून बघितला, रिकामा होता. घंटागाडी दुपारीच येऊन गेली होती. मी पलंग ओढून समोरच्या भिंतीला लावला. ती म्हणाली, "वास्तू बघायला लागलात की काय आता?"  तिचा यात काही दोष नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं ती पट्टी कशासाठी असते. सांगायचं काम माझं होतं.

त्यानंतर ऑफिसात मी तो जुना स्कॅन शोधून काढला आणि जेवणाच्या सुट्टीत बसून उत्तरेची भिंत काढली. पहिल्यांदा. कलली होती तेवढी कललेली, भेग जशीच्या तशी, पट्ट्या, वरच्या पट्टीवरची तिरकी रेघ. टोपीवाल्याला त्याच्या झाडाखाली उभं केलं. आणि पेनड्राइव्ह घेऊन सीबीएसच्या त्या दुकानात गेलो.

तिने मान वर केली. "काका, पेनड्राइव्ह द्या. साइज?"

सर नाही. सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणते तसं, काका.

"ए-वन," मी म्हणालो.

फाइल उघडली. तिचा हात माउसवर थांबला. मग तिने उत्तरेची बाजू मोठी करून बघितली.

"पट्ट्या घातल्यात," ती म्हणाली.

"हो."

"वरची तडकलेली."

"काचेच्या असतात त्या. भेग वाढते का ते बघायला. माझे वडील लावायचे."

"डाग म्हणाला होतात तुम्ही."

"मला तेव्हाच माहीत होतं. तू विचारलंस तेव्हा."

मागून एक बाई म्हणाल्या, "ताई, माझं आधार कार्ड लॅमिनेट करायचं होतं." तिने ते कार्ड घेतलं, मशीनमधून काढलं, कडा कापल्या, त्यांना दिलं. त्या गेल्या. प्लॉटरमधून माझा कागद हळूहळू बाहेर येत होता, आधी झाड, मग टोपीवाला, मग दक्षिण.

"मी घरी काय सांगितलं होतं माहितीये?" ती कागदाकडे बघत म्हणाली. "अम्मी तुम्हाला शिव्या द्यायची. मी म्हणायचे, नाही ग, सरांचं वय झालंय, कामं किती असतात, विसरले असतील. मला खरंच वाटायचं विसरला असाल. इतकी वर्षं मी तेच धरून होते."

तिने बाहेर आलेला कागद हाताने सरळ केला.

"म्हणजे विसरला नव्हता."

"नाही."

कागदावर उत्तरेची भिंत पूर्ण आली. तिने तो कापला, गुंडाळी केली, वर रबर चढवलं आणि माझ्याकडे सरकवला. आवाज चढलेला नव्हता तिचा.

"मग हे मला कशाला सांगताय? मी विचारलं होतं हे मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

तिने पुढच्या माणसाकडे हात केला. मी गुंडाळी घेऊन बाहेर आलो.

त्यानंतर एकदा मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. त्याने चहा सांगितला. आम्ही नव्या प्रिंटरबद्दल बोललो, मुलीच्या लग्नाबद्दल बोललो. तो म्हणाला, "काका, काही काम होतं का?" मी म्हटलं, नाही, सहज. गुंडाळी घरी कपाटामागे उभी आहे. पुट्टी मारलेल्या त्या भिंतीवर अजून काही दिसत नाही. रंग चांगला बसलाय.

हे मी लिहिलं, पण यात मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, तिचं नाही, माझंही नाही. तेव्हा हे वाचून तिला कुणी कामावर घेणार नाही, आणि चर्चवाली म्हणायचं थांबवणारही नाही. 'तिने विचारायला हवं होतं' हे वाक्य मी ज्या खोलीत बोललो त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर, तिचं नाव घेऊन मला सांगायचं आहे की तिने विचारलं होतं आणि मी पुस म्हणालो होतो. आणि तेच, माझ्या नावाने, त्या खेड्यापर्यंत कळवायचं आहे, इंग्रजी कसंही असलं तरी. हे दोन्ही मी अजून केलेलं नाही. ते मी देणं लागतो.